वाचकांचे प्रश्न : सेफ्टी वर जाते, पण सिअर अडते का?

प्रश्न : मी ह्यूस्टनला राहतो, ग्रीन कार्डधारक आहे आणि दर रविवारी रेंजवर जातो. माझ्याकडे १९११ पद्धतीचे ०.४५ कॅलिबरचे पिस्तूल आहे. त्याचा चाप माझ्या बोटाला आखूड पडत होता आणि थम्ब सेफ्टीची (अंगठ्याने वर-खाली करायच्या सुरक्षा-कळीची) पट्टी अंगठ्याला नीट सापडत नव्हती, म्हणून मी अ‍ॅल्युमिनियमचा लांब चाप, नवी सिअर आणि रुंद पट्टीची सेफ्टी मागवली. तिन्ही पाकिटांवर ‘थेट बसते’ असे छापले होते. चाप आणि सिअर बसली, पण सेफ्टी काही केल्या वर जाईना. शेवटी तिच्या आतल्या उंचवट्यावर थोडी कानस मारली. आता ती ‘खट्’ असा आवाज करून छान वर जाते आणि सेफ्टी लावून चाप दाबला तर घोडा पडत नाही. काम नीट झाले असे समजावे का?

उत्तर : अजून समजू नये, आणि खाली दिलेली तपासणी पूर्ण होईपर्यंत या पिस्तुलात काडतूस भरू नये, ही माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. आपण केलेली चाचणी आवश्यक आहे, पण ती अर्धीच आहे. जे अर्धे राहिले आहे तेच धोक्याचे आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. आपल्याकडे पुष्कळ जण चापालाही घोडा म्हणतात आणि त्यामुळे पत्रांतून गोंधळ होतो. या सदरात चाप म्हणजे बोटाने ओढायचा ट्रिगर आणि घोडा म्हणजे मागे उभा राहून फायरिंग पिनवर (काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या सुईवर) आपटणारा हॅमर. या दोघांच्या मध्ये सिअर नावाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा असतो, आणि त्याची बारीक धार घोड्याच्या खाचांत अडकलेली असते. पूर्ण ताणलेला घोडा त्या एवढ्याशा धारेवर उभा असतो. १९११च्या थम्ब सेफ्टीचे काम चाप अडवणे हे नाही. तिचा आतला उंचवटा सिअरच्या मागच्या भागाला टेकतो आणि सिअरला फिरू देत नाही. चाप अडवण्याचे काम ग्रिप सेफ्टीचे, म्हणजे मुठीच्या मागच्या बाजूच्या दाबपट्टीचे, आहे. ती मुठीत दाबली गेली नसेल, तर तिचे पुढचे टोक चापाच्या मागच्या कमानीसमोर उभे राहते. जॉन ब्राउनिंग यांच्या या रचनेला अमेरिकी लष्कराने मार्च १९११ मध्ये मान्यता दिली, आणि घोडेस्वाराच्या हातातले शस्त्र म्हणून तिला एकापाठोपाठ दोन सेफ्ट्या जोडल्या गेल्या. त्या एकमेकींच्या पर्यायी नाहीत. दोघी वेगवेगळ्या जागी वेगवेगळी वस्तू अडवतात आणि म्हणून दोघी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

आता आपण कानस मारली तो उंचवटा पाहू. बाजारात मिळणाऱ्या सेफ्टीवर तो मुद्दाम जास्त जाड ठेवलेला असतो, म्हणजे बसवणाऱ्याने आपल्या पिस्तुलातल्या सिअरच्या मापाने तो कमी करावा. सेफ्टी वर जाईना, हा दोष नव्हता. अजून धातू काढायचा आहे, एवढेच ती सांगत होती. प्रश्न किती काढायचा हा आहे. कमी काढला तर सेफ्टी वर जात नाही आणि चूक लगेच कळते. जास्त काढला तर सेफ्टी अधिकच सहज वर जाते, आवाजही छान येतो, आणि उंचवटा व सिअर यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते. अशा वेळी सेफ्टी लावून चाप जोराने दाबला की सिअर त्या फटीपुरती सरकते. घोडा पडत नाही, पण सिअरची धार खाचेच्या काठाशी येऊन थांबते. पुढे सेफ्टी खाली केली, तर बोट चापाजवळही नसताना घोडा पडू शकतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या कामाच्या टेबलावर असेच घरी कानसलेले एक पिस्तूल आले होते. मालकाची तक्रार सेफ्टीबद्दल नव्हतीच, त्याला फक्त पुढची माशी बदलून हवी होती. पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करून मी सवयीने सेफ्टी लावली, चाप जोराने दाबला, सोडला आणि अंगठ्याने सेफ्टी खाली केली. घोडा टाळी वाजल्यासारखा पडला. मालक टेबलापलीकडे उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला, कारण तेच पिस्तूल तो चार महिने भरून जवळ बाळगत होता.

म्हणून आपण पुढील तपासणी या क्रमाने करावी. मॅगझिन काढून ठेवावे, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर (काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीने चाचपावे. खोलीत एकही काडतूस असू नये. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून घोडा ताणावा, थम्ब सेफ्टी वर करावी, मूठ नेहमीसारखी घट्ट धरावी आणि चाप रोजच्यापेक्षा बऱ्याच जोराने दाबून सोडावा. मग चापावरून बोट काढून सेफ्टी खाली करावी. घोडा पडला तर ती सेफ्टी बाद. पडला नाही तर आता खरी परीक्षा आहे. खोलीत शांतता करून, नळीचे तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवून, पिस्तुलाची मागची बाजू कानाजवळ आणावी आणि अंगठ्याने घोडा अगदी सावकाश, आणखी थोडा मागे ओढावा. बारीकसा ‘टिक्’ असा आवाज आला, तर सिअर जागेवरून हलली होती आणि आता परत खाचेत जाऊन बसली, असा त्याचा अर्थ. काहीच ऐकू आले नाही, तर सिअर हललीच नव्हती. पंखा आणि दूरदर्शन बंद करूनच हे ऐकावे, कारण तो आवाज हातघड्याळाच्या टिकटिकीपेक्षा मोठा नसतो.

हीच परीक्षा ग्रिप सेफ्टीची करावी. थम्ब सेफ्टी खाली ठेवून, ग्रिप सेफ्टी दाबली जाणार नाही अशा रीतीने पिस्तूल धरून चाप जोराने दाबावा, सोडावा, मग मूठ पूर्ण आवळून पुन्हा कान लावावा. ही परीक्षा अनेक जण विसरतात, आणि आपल्या बाबतीत तर ती टाळून चालणारच नाही. आपण चाप बदलला आहे, आणि नव्या चापाची कमान जुन्यापेक्षा किंचित आखूड किंवा लांब असली की ग्रिप सेफ्टीचे टोक आणि कमान यांच्यातले अंतर बदलते. ग्रिप सेफ्टीला आपण हातही लावलेला नसेल, तरी तिचे काम बिघडलेले असू शकते.

आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. आपण तीन सुटे भाग बसवले असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात आपण एका साखळीतल्या तीन कड्या बदलल्या आहेत. थम्ब सेफ्टी सिअरच्या मापावर घासली जाते, म्हणून सिअर बदलली की जुनी, वर्षानुवर्षे चोख चाललेली सेफ्टीही नव्याने तपासावी लागते. यामुळेच जाणते कारागीर आधी घोडा आणि सिअर यांची जोडी जमवतात, मग चाप, त्यानंतर ग्रिप सेफ्टी आणि सर्वांत शेवटी थम्ब सेफ्टी घासतात. थम्ब सेफ्टीची पिन हीच ग्रिप सेफ्टीची बिजागरी असल्याने जोडणीतही ती शेवटीच येते. उलट क्रमाने काम केले तर शेवटच्या कडीने पहिल्या कडीचे माप बिघडवलेले असते.

उंचवटा घासायचाच असेल तर त्याच्या तोंडावर मार्करची शाई लावावी, सेफ्टी बसवून हलक्या हाताने वर ढकलून पाहावी आणि काढून भिंगाखाली पाहावे. जिथे शाई पुसून धातू चकाकतो तेवढीच जागा सिअरला लागते आहे. तेवढ्याच जागी बारीक दात्यांच्या कानशीचे दोन-तीन हात मारावेत, पुन्हा शाई, पुन्हा जोडणी. हे पंधरा-वीस वेळा करावे लागले तरी कंटाळू नये. एका बैठकीत सेफ्टी बसवून झाली असे कोणी सांगितले की मला शंका येते. आपल्या सेफ्टीने ‘टिक्’ आवाज दिला, तर तो तुकडा टाकून द्यावा आणि नवा घ्यावा. काढलेला धातू परत येत नाही, आणि उंचवट्यावर वेल्डिंगचा थर देऊन पुन्हा घासण्याचे काम ज्याने ते शेकडो वेळा केले आहे त्यानेच करावे.

‘थेट बसते’ या शब्दांबद्दलही सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात ही पिस्तुले कोल्टबरोबर इतर अनेक कारखान्यांनी बनवली. आपल्या आजीच्या पिढीला शिलाई मशीनमुळे माहीत असलेल्या सिंगर कंपनीनेही ५०० नग बनवले होते. एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या पिस्तुलात बसे, कारण सर्वांपुढे लष्कराचे एकच आरेखन आणि एकच गेज होते, आणि भागांमध्ये मोकळीकही भरपूर ठेवलेली असे. आज ही रचना कोणीही बनवू शकतो. प्रत्येक निर्मात्याची फ्रेम (पिस्तुलाचा खालचा सांगाडा), पिनांची भोके आणि मोकळीक वेगळी आहे. त्यामुळे थेट बसणारा भाग म्हणजे आत जाणारा भाग, एवढाच अर्थ घ्यावा.

चापाच्या बाबतीत दोन बारकावे. नवा चाप फ्रेमच्या खोबणीत घट्ट होत असेल तर चाप घासावा, फ्रेम कधीही घासू नये. चाप थोड्या डॉलरमध्ये नवा मिळतो, फ्रेमवर मात्र पिस्तुलाचा क्रमांक असतो आणि कायद्याच्या दृष्टीने तीच पिस्तूल असते. दुसरे म्हणजे चापाच्या पोटात असलेला छोटा स्क्रू, जो घोडा सुटल्यानंतरची चापाची मागची चाल थांबवतो, तो शेवटपर्यंत आवळू नये. तो जास्त आवळला तर सिअर पुरेशी बाजूला होत नाही आणि पडता पडता घोड्याची अर्धी खाच (मध्येच निसटलेला घोडा अडवण्यासाठी असलेली) तिच्या धारेला घासते. असे दहा-वीस वेळा झाले की नव्या सिअरची धार मोडते. स्क्रू योग्य जागी आला की पाव फेरा मागे घ्यावा आणि स्क्रू धरून ठेवणारा द्रव लावून पक्का करावा.

कान लावून केलेल्या दोन्ही परीक्षा निर्दोष झाल्यावर डिस्कनेक्टर, म्हणजे चापाच्या एका दाबाला एकच गोळी सुटू देणारा भाग, पाहावा. घोडा ताणून स्लाइड पाच-सहा मिलिमीटर मागे धरावी, चाप दाबावा, आणि चाप दाबलेलाच ठेवून स्लाइड पुढे जाऊ द्यावी. घोडा पडता कामा नये. चाप सोडून पुन्हा दाबल्यावरच तो पडावा. त्यानंतर रेंजवर प्रथम मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून, मग दोन भरून गोळी झाडावी. आठ भरण्याची घाई करू नये. एका दाबात दोन गोळ्या सुटल्या, तर तिसरे काडतूस आत नसलेले बरे.

प्रश्न : माझ्याही अशाच १९११ पिस्तुलाचा चाप अडीच पौंडांवर आणून मिळेल का? सिअरची धार घरी ऑइलस्टोनवर घासली तर चालेल का? (न्यू जर्सीहून एक वाचक)

उत्तर : दोन्हींना उत्तर ‘नको’ असेच आहे. स्लाइड जोराने पुढे येऊन आपटते तेव्हा सगळे पिस्तूल पुढे झटका खाते, पण चाप जडत्वाने किंचित मागे राहतो आणि मागे राहताना सिअरला धक्का देतो. चाप अतिशय हलका केलेला असेल तर तेवढा धक्काही पुरतो आणि घोडा स्लाइडपाठोपाठ खाली येतो. नशीब चांगले असेल तर तो अर्ध्या खाचेत अडकतो. अ‍ॅल्युमिनियमचे भोकाभोकांचे हलके चाप दिसायला सुंदर म्हणून निघाले नाहीत, चापाचे वजन कमी म्हणजे धक्का कमी, हे त्यामागचे कारण आहे. बुल्सआय या अचूक नेमबाजीच्या अमेरिकी स्पर्धेत, जिथे चापाच्या हलकेपणाला खरी किंमत आहे, तिथेही ०.४५साठी किमान मर्यादा साडेतीन पौंड आहे. जे पिस्तूल जवळ बाळगायचे आहे त्याचा चाप चार ते पाच पौंडांखाली आणण्याची विनंती मी स्वीकारत नाही. सिअरची धार हाताने घासताना कोन किंचित जरी बदलला, तरी घोडाच सिअरला बाहेर ढकलू लागतो. हे काम कोन पक्का धरणाऱ्या साच्यावर, भिंगाखाली आणि दोन्ही टोके सारखी टेकतात हे पाहूनच करायचे असते.

प्रश्न : माझे १९११ ‘सीरिज ८०’ प्रकारचे आहे. फ्रेममधल्या दोन छोट्या पट्ट्या काढून टाकल्या तर चाप मऊ होतो, असे एका मित्राने सांगितले. काढाव्या का? (सॅन अँटोनियो)

उत्तर : काढू नयेत. कोल्टने १९८३ मध्ये आणलेल्या या रचनेत स्लाइडमध्ये एक छोटा दट्ट्या असतो. तो फायरिंग पिनला अडवून ठेवतो आणि चाप पूर्ण दाबला गेला तरच त्या दोन पट्ट्या त्याला उचलतात. पिस्तूल हातातून पडून नळीच्या तोंडावर आपटले, तर जडत्वाने पुढे झेपावणाऱ्या पिनला थांबवणारी वस्तू हा दट्ट्या आहे. ज्या निर्मात्यांनी असा दट्ट्या ठेवलेला नाही, त्यांच्यापैकी काही जण टायटॅनियमची हलकी पिन आणि कडक स्प्रिंग वापरून तोच धोका कमी करतात. म्हणजे धोका आहे हे सर्वांनाच मान्य आहे. आपण चाप बदलला असेल तर मात्र एक गोष्ट पाहा. वर सांगितलेला चापाचा स्क्रू या प्रकारात जास्त आवळला तर दट्ट्या पूर्ण उचलला जात नाही आणि पिन त्याच्या कडेला आदळत राहते. पिन बाहेर काढून तिच्यावर ताजे ओरखडे आहेत का, ते पाहावे.

याच जोडीने आलेल्या एका पत्रात, बाहेर सेफ्टीच नसलेल्या स्ट्रायकर पद्धतीच्या (घोड्याऐवजी आतली स्प्रिंगवरची पिनच काडतुसावर आपटते अशा) पिस्तुलात सुट्या बाजारातला जड, रुंद चाप बसवावा का, असे विचारले आहे. सिग सॉअरच्या पी३२० पिस्तुलाची हकिकत येथे लक्षात ठेवावी. काही विशिष्ट कोनांत मागच्या बाजूवर पडल्यास गोळी सुटते असे दिसून आल्यावर ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने ऐच्छिक सुधारणा जाहीर केली, आणि त्या सुधारणेत चाप, सिअर व स्ट्रायकर हे भाग हलके करण्यात आले. पडताना चापाचे स्वतःचे वजनच त्याला मागे ओढू शकते, हे त्यातून सर्वांना कळले. आपल्या पिस्तुलाच्या निर्मात्याने जे वजन ठरवले आहे, त्याहून जड चाप बसवू नये.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांचे भारतीय बनावटीचे ०.३२ पिस्तूल आता माझ्या नावावर, रीतसर परवान्यावर आहे. सेफ्टीची पट्टी झिजून सैल झाली आहे. ओळखीचा लेथवाला तशीच पट्टी बनवून देतो म्हणतो. अमेरिकेतला भाऊही कुरियरने भाग पाठवायला तयार आहे. (पुणे)

उत्तर : दोन्ही मार्ग कृपया सोडून द्यावेत. वरील उत्तरे अमेरिकेतील वाचकांसाठी आहेत, जिथे आपल्या मालकीच्या पिस्तुलात भाग बदलण्याला संघराज्याच्या कायद्याची सहसा आडकाठी नाही, राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे आहेत. (तिथेही एच-१बी सारख्या व्हिसावर गेलेल्यांना, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे काही अपवाद वगळता, पिस्तूल बाळगण्यास मनाई आहे. हे आपल्या अनेक तरुणांना माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहितो.) भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ खाली शस्त्र बनवणे आणि विकणे यांच्याबरोबरच दुरुस्त करणे यालाही स्वतंत्र परवाना लागतो, आणि ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. आपला परवाना पिस्तूल बाळगण्याचा आहे, ते उघडून दुरुस्त करण्याचा नाही, आणि लेथवाल्याकडे तर कोणताच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ च्या भंगाला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. भाग परदेशातून आणण्यासाठीही कलम १० खाली परवाना लागतो. एका झिजलेल्या पट्टीपायी तो बिचारा लेथवाला आणि आपण दोघेही तुरुंगात जाल.

पिस्तूल रिकामे करून, काडतुसे वेगळी बांधून, मूळ परवाना बरोबर घेऊन दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जावे आणि त्याच्या नोंदवहीत नोंद करून पावती घ्यावी. परत घेताना सेफ्टी लावून चाप दाबणे, सोडणे आणि मग सेफ्टी खाली करणे, एवढी परीक्षा रिकाम्या पिस्तुलावर, सुरक्षित दिशेला तोंड ठेवून, त्याच्याकडून आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्यावी. चांगला कारागीर याचा राग मानत नाही. पट्टी दुरुस्त होईपर्यंत पिस्तूल भरून ठेवू नये.

प्रश्न : माझी मुलगी २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल प्रकारात खेळते. घरी चाप १००० ग्रॅमवर बरोबर लावला होता, स्पर्धेच्या तपासणीत तो कमी भरला. भाग बदलावा का? (कोल्हापूर)

उत्तर : भाग बदलण्याची गरज बहुधा नाही. आपल्या कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात चापाचे किमान वजन १००० ग्रॅम आहे. १० मीटर एअर पिस्तुलात ते ५०० ग्रॅम असते. नळी उभी धरून, चापाच्या मध्याजवळ वजन अडकवून ते उचलले जाते, आणि वजन वर जाण्याआधी चाप सुटला तर पिस्तूल नापास होते. घरी अगदी १००० ग्रॅमवर लावलेला चाप तेल पसरल्याने, स्क्रू अर्ध्या केसाने ढिला झाल्याने किंवा वजन चापाच्या टोकाकडे अडकवल्याने सहज दहा-पंधरा ग्रॅमने कमी दिसतो. निर्मात्याच्या पुस्तिकेत वजनाचा म्हणून दाखवलेलाच स्क्रू फिरवून चाप १०३० ते १०५० ग्रॅमच्या दरम्यान ठेवावा. सिअरच्या पकडीच्या स्क्रूला हात लावू नये. दोन्ही स्क्रू शेजारी असतात आणि एकसारखे दिसतात, त्यामुळे पकडीच्या स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन ठेवावा.